तळं, सरोवर आणि फ्लॉपी

गेल्या जूनमध्ये भाच्याचा फोन आला. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेला होता.

"मामा, प्रोजेक्टचा विषय ठरला. सावित्रीच्या पाण्याची पातळी मोजायची आणि ती वाढली की लोकांना मेसेज पाठवायचा."

मला बरं वाटलं. महाडच्या मुलानं असा विषय नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा? म्हटलं, "छान. आधी कोणी केलंय का ते बघितलंस?"

"केलंय की. पुराच्या आधी एका ग्रुपनं केलं होतं म्हणे. सर सांगत होते."

"मग त्यांचा कोड घे आणि तिथून पुढे जा. पहिल्यापासून कशाला?"

"तो कुठून आणू? रिपोर्ट होता आणि त्याला मागे सीडी चिकटवलेली होती. पण ते सगळं तळमजल्यावरच्या कपाटात होतं. एकवीसच्या पुरात गेलं."

पुराची सूचना देणारा प्रोग्रॅम पुरात गेला. मी हसलो, मग हसल्याचं वाईट वाटलं. (कॉलेजचं नाव मुद्दाम घेत नाही. अशी कपाटं सगळीकडे आहेत आणि जिथे पूर येत नाही तिथे ती कामं वाळवी खाते.)

फोन ठेवल्यावर माझी स्वतःची फ्लॉपी आठवली. २००३ साल. आम्ही दोघांनी मिळून एसटीच्या वेळापत्रकाचा एक प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. मी महाडला, मित्र पोलादपूरला. घरी इंटरनेट नाही. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजायचे आणि लाइन तुटली की मालकाचं तोंड बघत बसायचं. मग आम्ही एक युक्ती काढली. फ्लॉपी पाकिटात घालून संध्याकाळच्या पोलादपूर गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. मित्र स्टँडवर उभा असायचा. दोन दिवसांनी ती तशीच परत यायची, त्याच्या दुरुस्त्यांसकट. पाकिटावर तो लिहायचा, 'नवीन'. मी लिहायचो, 'नवीन २'. मग 'शेवटचं'. मग 'खरंच शेवटचं'.

एकदा दोघांनीही एकाच वेळी एकच भाग बदलला आणि त्याचं आठवड्याचं काम माझ्या कामानं पुसून टाकलं. तो चार दिवस बोलला नाही. पुढे श्रावणात फ्लॉपीलाच बुरशी लागली आणि प्रश्न मिटला. कोकणातल्या दमट हवेत फ्लॉपी ठेवलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आज मागे वळून बघताना कळतं की महाड-पोलादपूर एसटी हे आमचं कोड वाटून घेण्याचं साधन होतं. तक्रार करण्यासारखं वाईटही नव्हतं. फक्त त्याला आठवण नव्हती. कोणी, कधी, काय बदललं आणि का बदललं, हे ते साधन सांगू शकत नव्हतं.

नात्यातली जी मंडळी हे वाचतात आणि ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध फक्त रेल्वेच्या रिझर्व्हेशनपुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं थांबतो. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूरच. तो अनेकांनी मिळून लिहायचा असला की दोन गोष्टी लागतात. एक, सगळ्यांना हात पोचेल अशी एक जागा. दुसरी, त्या जागेवर ठेवलेली चोपडी, ज्यात प्रत्येक बदल नावानिशी आणि तारखेनिशी नोंदला जातो. म्हणजे माझ्या हातून मित्राचं काम पुसलं गेलं, तरी मागच्या पानावरून ते परत काढता येतं. एवढंच. बाकी सगळे बारकावे.

ही चोपडी आली कुठून याचा इतिहास मला फार आवडतो, कारण त्याची सुरुवात आमच्या फ्लॉपीसारखीच आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस नावाची सोय केली. एकेका फाइलचे जुने-नवे अवतार जपून ठेवायचे आणि एका वेळी एकानंच फाइल हातात घ्यायची. मग १९८६ साली ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात डिक ग्रून नावाचे एक प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांबरोबर एक कंपायलर लिहीत होते. तिघांच्या वेळा जुळेनात. एकानं फाइल अडवून ठेवली की बाकीचे दोघे हातावर हात धरून बसणार. म्हणून ग्रून यांनी थोड्या स्क्रिप्ट लिहिल्या, ज्यामुळे तिघंही एकाच वेळी काम करू शकतील आणि नंतर ते जुळवता येईल. त्याचंच पुढे सीव्हीएस झालं. जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरचा गाडा पुढची कित्येक वर्षं त्यावर चालला. म्हणजे मुळात ही गरज कुठल्या मोठ्या कंपनीची नव्हती. एक मास्तर, दोन मुलं आणि न जुळणाऱ्या वेळा.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? १९८६ मध्येच केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं अर्नेट सुरू केलं. शिक्षण आणि संशोधनासाठीचं जाळं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि जुहूची एनसीएसटी होती. १९८७ मध्ये जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून ईमेल गेली. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेला भाड्याची लाइन जोडली गेली, सेकंदाला ९६०० बिटांची. तेवढ्या बारीक नळीतून देशभरच्या संशोधकांचं पाणी भरणं चालायचं. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचं नाव २०१४ साली इंटरनेटच्या जागतिक मानकऱ्यांच्या यादीत गेलं ते याच कामासाठी.

आणि १९८९ मध्येच आपल्या बाजूला आणखी एक गोष्ट झाली. राज्याच्या कायद्यानं लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झालं. महाडहून विसेक किलोमीटरवर, मुंबई-गोवा रस्त्याला लागून. मोठ्या शहरात तंत्रशिक्षणाच्या संस्था असतातच. पण माणगाव तालुक्यातल्या एका गावात अख्खं तंत्र विद्यापीठ, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. बाबासाहेबांचं नाव आणि महाडचं सान्निध्य हा योगायोग नाही, हे सांगायला नकोच.

इथे थोडं तळ्याकडे वळतो. मी महाडचा आहे, त्यामुळे 'सार्वजनिक' हा शब्द ऐकला की मला आधी चवदार तळंच दिसतं. शाळेत आम्हाला २० मार्च १९२७ ही तारीख पाठ होती. पण तिच्या आधीच्या तारखा फारशा कोणी सांगितल्या नाहीत आणि मला आता त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला की सरकारी पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना वापरता याव्यात. ठराव मंजूर झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर १९२४ पासून चवदार तळं खुलं होतं. प्रत्यक्षात? तीन वर्षांत तिथे कोणी अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. ठराव होता, तळं होतं, पाणी होतं आणि घागर कोरडी. म्हणून १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेली हजारो माणसं बाबासाहेबांच्या मागे चालत गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं.

मला कुठलीही भलती तुलना करायची नाही. तिथे प्रश्न माणूस म्हणून जगण्याचा होता. कोणी प्रोग्रॅम वाटला नाही म्हणून कोणी तहानेनं मरत नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही. पण महाडनं शिकवलेला एक धडा सगळ्याच सामायिक गोष्टींना लागू आहे असं मला वाटतं. एखादी गोष्ट 'खुली' असल्याचं जाहीर करणं आणि ती खरोखर खुली असणं, यात मोठं अंतर असतं. ते अंतर ठरावानं भरत नाही. कोणीतरी जाऊन पाणी भरावं लागतं आणि पुढे रोज भरत राहावं लागतं.

आता परत कोडकडे. नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत सोर्सफोर्ज सुरू झालं. कोणीही यावं, आपला मुक्त प्रोग्रॅम ठेवावा, जगातल्या कोणाहीबरोबर काम करावं. फुकट. त्याच धर्तीवर पुढच्या काही वर्षांत भारतातही एक जागा उभी राहिली, तिरुअनंतपुरममध्ये. लिनक्सेन्स नावाची छोटी कंपनी ती समाजकार्य म्हणून सांभाळायची आणि रिव्हर व्हॅली ही तिथलीच टाइपसेटिंगची कंपनी खर्च उचलायची. मुक्त परवान्याच्या प्रकल्पांसाठी भारतातलं पहिलं असं घर. नाव ठेवलं होतं, सरोवर.

नाव वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो होतो. कोणाला तरी तिकडे केरळात बसून हेच सुचलं होतं. सगळ्यांनी यावं, भरावं, टाकावं. सरोवर!

पुढे ते बंद पडलं. तळी आटतात. त्याला दर वेळी खलनायक लागत नाही. आपल्याकडे गावातल्या विहिरीचा गाळ उन्हाळ्यात काढायचा असतो. तो कोणी काढायचा हे ठरलेलं असलं की विहीर शंभर वर्षं टिकते. ठरलेलं नसलं की एक पिढीही पुरत नाही. कॉम्प्युटरवरच्या तळ्याचंही तसंच. यंत्र जुनं होतं, डिस्क भरते, कोणीतरी कचरा टाकतो, सांभाळणारा माणूस नोकरी बदलतो. पैसेवाल्यांचीही यातून सुटका नाही. गूगलनं आपलं गूगल कोड २०१६ च्या सुरुवातीला बंद केलं. नॉर्वेकडचं गिटोरियस २०१५ मध्ये गिटलॅबनं विकत घेतलं आणि गुंडाळलं.

याच गिटलॅबची जन्मकथा तर आमच्या भागातल्या कोणाला सांगितली की विश्वास बसत नाही. २००५ मध्ये लिनस तोरवाल्डसनं गिट लिहिलं. ते सीव्हीएसचं नातवंडं म्हणा. २००८ मध्ये त्यावर गिटहब उभं राहिलं आणि सगळं जग तिकडे धावलं. पण ते एका कंपनीचं, अमेरिकेतलं, त्यांच्या नियमांचं. २०११ मध्ये युक्रेनमधल्या दिमित्री झापोरोझेत्स या तरुणानं स्वतःच्या यंत्रावर बसवता येईल असं काहीतरी हवं म्हणून गिटलॅब लिहायला घेतलं. तेव्हा त्याच्या घरात नळ नव्हता. तो रोज सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणायचा. नळ घेण्यापेक्षा एकत्र काम करायचं चांगलं साधन नाही, ही त्याला मोठी अडचण वाटली, असं गिटलॅबची मंडळी स्वतःच सांगतात.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन चालणाऱ्या बायकांना मी हे सांगणार नाही, त्या मला हंड्यानंच मारतील. पण विहिरीवर जाणाऱ्या माणसाला सामायिक गोष्टीची किंमत कळते, एवढं खरं.

आणि त्याचा उपयोग विद्यापीठांनी कसा केला बघा. जर्मनीत आखेनचं तांत्रिक विद्यापीठ गिटलॅब चालवतं आणि त्या राज्यातल्या, म्हणजे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातल्या, बाकीच्या विद्यापीठांनाही ते वापरता येतं. विद्यार्थ्याला वेगळं खातं काढावं लागत नाही, स्वतःच्या विद्यापीठाच्या ओळखीवरच दार उघडतं. फ्रान्समध्ये विद्यापीठांचं जाळं चालवणारी रेनातेर ही संस्था सोर्ससुप नावाची अशीच सोय देते. मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं ते नॉर्डिक देशांचं. तिथे २०१६ मध्ये कोडरिफायनरी नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यांनी कोड ठेवायला जागा दिलीच, पण मुख्य जोर दिला शिकवण्यावर. संशोधकांना बसवून शिकवायचं, की बदल कसा नोंदवायचा, दुसऱ्याच्या कामात चूक दिसली तर कसं सांगायचं, आपली चूक दाखवली तर कसं ऐकायचं. तळं खुलं केलं, एवढ्यावर ते थांबले नाहीत.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र म्हणवत नाही. आधी नळ बघू. २०१० मध्ये केंद्रानं ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी दिली, त्यातून देशभरच्या विद्यापीठांपर्यंत जाड नळ पोचले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची इन्फेड नावाची एकच-ओळख व्यवस्था आहे, ती मुख्यतः नियतकालिकं वाचण्यासाठी वापरली जाते. आणि त्यांचीच शोधगंगा! २००९ च्या यूजीसीच्या नियमानं पीएच.डी.चे प्रबंध ऑनलाइन ठेवणं आलं आणि आज लाखो प्रबंध घरबसल्या वाचता येतात. (पुन्हा पाणीच. आपल्या लोकांना नावं ठेवताना दुसरं काही सुचत नाही.)

कोडच्या बाबतीत पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प आहे. त्यांनी एक साधी गोष्ट केली. इंजिनियरिंगच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं घ्यायची आणि ती सायलॅब या मुक्त प्रणालीत कोड लिहून सोडवायची. देशभरच्या कॉलेजांतल्या मुलांनी अशी शेकडो पुस्तकं केली, त्याचं मानधन मिळालं आणि त्यावर करणाऱ्याचं नाव राहिलं. कुठल्याशा लहान गावातल्या मुलीनं सोडवलेलं उदाहरण दुसऱ्या टोकाचा मुलगा वापरतो. हे मला फार मोठं वाटतं. सरकारनंही २०१५ मध्ये आपल्या प्रोग्रॅमचा कोड खुला करण्याचं धोरण आणलं आणि त्यासाठी ओपनफोर्ज हे ठिकाण काढलं. पण ते सरकारी कामांसाठी.

म्हणजे नळ आहे, ओळखपत्र आहे, गिटलॅबची फुकटातली आवृत्ती आहे. २०१४ च्या कायद्यानं लोणेऱ्याचं विद्यापीठ राज्यभरच्या कॉलेजांना संलग्नता देणारं झालं, त्यामुळे एका छत्राखाली आता पुष्कळ कॉलेजं आहेत. मग आपल्या भागातल्या कॉलेजांचं एक सामायिक तळं का नाही?

याचं उत्तर मी कोणाला झोडपायला शोधत नाहीये. ओळखीच्या दोन-तीन प्राध्यापकांशी बोललो. पहिली भीती कॉपीची. कोड खुला ठेवला की पुढचा ग्रुप तोच नाव बदलून देणार. भीती खरी आहे. पण मला वाटतं, कपाटात बंद ठेवल्यानं कॉपी थांबत नाही, ती फक्त दिसत नाही. आयते प्रोजेक्ट विकणारी दुकानं काय उगाच चालतात? उलट चोपडीत तारखेनिशी नोंद असली की कोणी काय केलं ते एका नजरेत कळतं. एका रात्रीत उगवलेला प्रोजेक्ट लपत नाही.

दुसरी अडचण मार्कांची. आपल्याकडे प्रोजेक्ट 'नवीन' असावा लागतो. दुसऱ्याचं अर्धवट काम पुढे नेलं तर "यात तुझं काय?" असं विचारतात. जगातलं जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं काम पुढे नेऊनच झालं आहे आणि आपण मुलांना वर्षभर नेमकं त्याच्या उलट शिकवतो. तिसरी अडचण गाळाची. तळं सांभाळायचं काम कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. एखादा उत्साही सर स्वतःच्या यंत्रावर काहीतरी उभं करतो, मुलं वापरतात, सर दुसरीकडे जातात, यंत्र बंद.

एका मित्रानं विचारलं, "गिटहब आहे ना फुकट? टाका तिथे." टाका की. मीही टाकतो. पण २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणमधल्या लोकांची गिटहबवरची खाती एका दिवसात अडली, हे लक्षात ठेवून टाका. आणि दुसरं म्हणजे, त्या महासागरात लोणेऱ्याच्या मुलाला महाडच्या मुलीचं काम सापडणार कसं? समुद्राला पाणी कमी नसतं. पण गावाला पाणवठा लागतो, कारण तिथे शेजारीण भेटते.

शेजाराचंच सांगतो, कारण आमच्या नदीला ते चांगलं कळतं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला येते, तिथून महाड आणि मग बाणकोटच्या खाडीत. वर पाऊस कोसळला की पाणी आधी पोलादपूरला चढतं, महाडला नंतर. खाडीला भरती असेल तर उतरायला जागा नसते, मग ते बाजारपेठेत शिरतं. २२ जुलै २०२१ ला तेच झालं आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. २००५ च्या जुलैत दासगाव आणि जुईला जे झालं ते ज्यांनी बघितलं त्यांना तर काही सांगायलाच नको.

प्रोजेक्टमधल्या एका सेन्सरनं हे थांबलं असतं असा दावा मी करणार नाही. दरडीचं गणित वेगळं आणि अवघड आहे. पण पाण्याच्या बाबतीत पोलादपूरच्या पुलाचा आकडा महाडला वेळेवर कळणं, ही माणसं आणि सामान वर हलवायला मिळालेली वेळ असते. महाडच्या व्यापाऱ्याला अर्धा तास म्हणजे काय ते विचारा. आता गंमत बघा. आमच्या भागातली कला-वाणिज्य-विज्ञानाची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, तंत्र विद्यापीठ लोणेऱ्याचं. पोलादपूरची मुलगी आणि महाडचा मुलगा एकाच नदीवर एकच प्रोग्रॅम लिहिणार आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नसणार. नदी एक, विद्यापीठं दोन, तळं एकही नाही.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगतो. त्यांनी पाण्यावर आवाजाची लहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर लावला. कोरड्या दिवसात झकास. जोराचा पाऊस आला की आकडे वेड्यासारखे उड्या मारायचे. आत्ता दोन मीटर, लगेच सहा, परत दोन. म्हणजे जेव्हा गरज तेव्हाच बिघाड. दोन महिने त्यात गेले. शेवटी कळलं की एका मापावर विश्वास ठेवायचाच नाही. पंधरावीस मापं घ्यायची, ती चढत्या क्रमानं लावायची आणि मधलं उचलायचं. आठ-दहा ओळींचा कोड.

दिवाळीत त्याला तो पुराआधीच्या ग्रुपमधला मुलगा भेटला. आता पुण्यात नोकरी करतो. भाच्यानं त्याला ही हकिकत सांगितली तर तो म्हणाला, "अरे, आम्हालाही तेच झालं होतं. आम्हीही दोन महिने घालवले. मधलं माप घेतलं आणि सुटलं."

मला या वाक्याचा राग येतो, पण कोणावर काढायचा ते कळत नाही. आठ-दहा ओळी दोनदा शोधल्या गेल्या आणि मध्ये एक अख्खा पूर येऊन गेला.

"मामा, आता आपण काय करायचं? विद्यापीठाला अर्ज करू का?"

म्हटलं, अर्ज कर जरूर. यंत्र तळमजल्यावर ठेवू नका असंही त्यात लिही. पण अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसू नकोस. आहे तो कोड आज उघडा कर, मुक्त परवाना लाव आणि सोबत मराठीत दोन पानं लिही. काय चालतं, काय चालत नाही, पावसात काय होतं.

त्यानं तसं केलं. सध्या गिटहबवरच, दुसरी जागा नाही म्हणून. जानेवारीत पोलादपूरच्या एका मुलीनं त्यात पहिली दुरुस्ती पाठवली. मेसेज पाठवताना रेंज गेली तर तो हरवायचा, तिनं तो साठवून रेंज आल्यावर पाठवायची सोय केली. पोलादपूरच्या माणसालाच सुचणार हे, आमच्या बाजारपेठेत रेंज जात नाही. तिची ओळख ना पाळख. चोपडीत तिचं नाव आहे, तारीख आहे आणि काय बदललं ते एका ओळीत आहे. मी ती ओळ दोनदा वाचली. मला स्टँडवर पाकिटाची वाट बघणारा मित्र आठवला.

आता एक विनंती, आणि ही विशेषतः आपल्या घरच्या मंडळींना. महाड, पोलादपूर, माणगाव, लोणेरे या बाजूला ज्यांनी कधी पाऊस, नदी, दरड, विहिरी असल्या विषयावर प्रोजेक्ट केला असेल त्यांनी माळ्यावर बघा. सीडी असेल, जुना पेनड्राइव्ह असेल, नुसता छापलेला रिपोर्ट असेल तरी चालेल. अर्धवट असेल तर जास्त चांगलं, कुठे अडलात ते कळेल. माझ्याकडे सीडी वाचायचं यंत्र अजून चालू आहे आणि मी मे महिन्यात गावी येतोय. सुमनमावशी, तुझ्याकडच्या कपाटात धाकट्याच्या कॉलेजची एक निळी फाइल होती, ती रद्दीत घालू नकोस.

फ्लॉपी मात्र आणू नका. बुरशीचं मी काही करू शकत नाही.